सोनबाईचा आवाज

नागभीड, जिल्हा चांदा
१२ डिसेंबर १९५६

गुणवंता,

आशीर्वाद. सुरुवातीलेच लिहून टाकला, कारण पुढं राग येईन अन् मंग तो राहून जाईन.

तुह्यं पत्र भेटलं. पोस्टमन आळीच्या तोंडापासूनच ओरडत आला, "मनकर्णाबाई, कॅनडाचं पत्र आलं वं!" सारी आळी बाहेर. माह्या सासूनं ते निळं पाकीट उलटंपालटं करून पाह्यलं अन् म्हणाली, "साडेतीन वर्षांत भाऊ एवढाच बोलला?" मी काय सांगू तिले? बोटीत बसायच्या आधी मुंबईहून एक कार्ड टाकलं होतं तू, त्याच्यानंतर हे पहिलं अक्षर.

शाळेत शिकवली तशी शुद्ध भाषा लिहावी म्हणून बसली होती. दोन ओळीतच दम लागला. बोलते तशीच लिहीन. तिकडे राहून तुही मराठी शाबूत असन तं वाच, नाई तं ठेवून दे.

तू आता मॉन्ट्रियल गावात 'स्वतंत्र चित्रपट निर्माता' झाला म्हणते. तुह्या भाऊजीले वाचून दाखवलं. ढोलकी बाजूले ठेवून विचारते, "स्वतंत्र म्हणजे काय वं?" मी म्हणलं, ज्याले कोणी नोकरीवर ठेवत नाई तो. खूप हासले. पण मंग मीच पत्र पुन्हा वाचलं अन् हासू गेलं. तुले तिकडे घेऊन गेलेल्या डग्लस साहेबाची कंपनी बुडाली, तू फिल्म धुवायच्या कारखान्यात हात सोलून घेतले, मंग स्वतःचं चित्र काढलं, नदीत लाकडं सोडणाऱ्या लोकायचं. लाकडंच पाहाची होती तं आपलं आलापल्लीचं जंगल काय वाईट होतं गा? अन् ते चित्र कोणी घेईना म्हणून चर्चच्या तळघरात तूच कापड बांधते, तूच मशीन चालवते, तूच खुर्च्या उचलते, अन् बर्फात गाडी फसली की तूच ढकलते. बाप्पा! हे कराले एवढा समुद्र ओलांडला? दिवाळी झाली की मंडईच्या जत्रांत इथी दुसरं काय करत होता तू? इथी बर्फाच्या जागी चिखल होता, एवढंच.

अन् मंग, पत्राच्या शेवटी, लाजत लाजत, खरी गोष्ट. तिथल्या टेलिव्हिजनवाल्यायले तुह्यी लाकडं नको, आपण इथी काढलेली 'सोनबाई' पाहिजे. पण मुकी नको, बोलणारी पाहिजे. तिकडची कोणी बाई इंग्रजीत बोलणार, म्हणून सोनबाई कुठी काय बोलते ते मी सारं लिहून पाठवायचं.

कोणत्या गावचं पाठवू? ब्रह्मपुरीले जे बोलली ते आरमोरीले बोलली नाई. आरमोरीले जे बोलली ते तळोधीले आठवलं नाई. कागदावर कवा होतं ते? ते माह्या तोंडात होतं.

गुणवंता, तू गेला त्या वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी मी ढोलीत हात घातला धान काढाले, अन् फिल्मचे डबे नव्हते. आपण दोघायनं ठेवले होते ते, थंड राहतीन म्हणून. सहा महिने साहेबापाशी शिकून येतो म्हणाला होता, चित्र घेऊन जातो म्हणाला नव्हता. मी मागितलं असतं तं 'नाई' म्हणली असती का? कदाचित म्हणलीच असती. पण विचारायचं तरी होतं.

आता माही गोष्ट ऐक. मी एक शब्द लिहून पाठवत नाई. आधी चित्र पाठव. इसरूचे डोळे चालले. आपल्या दंडारीत बाईचं सोंग घेणारा इसरू, ज्यानं लुगडं नेसलं की समोर बसलेल्या बायका आपला पदर सारखा करत, ज्याले तू सोनबाई केलं, तो आता भिंतीले हात लावून चालते. त्याले एकदा स्वतःले पाहाचं आहे, उजेड आहे तवर. पुढच्या मंडईच्या आत चित्र इथी पाहिजे. बस.

आम्ही आता मुंबई राज्यात गेलो, हे तुले कोणी सांगतलं का? आम्हालेही पेपरातच समजलं.

तुही बाई


नागभीड
३ मार्च १९५७

गुणवंता,

आशीर्वाद आहेच.

एकच पट्टी आहे, दुसरी नकल नाई, समुद्रात ओल लागली तं सारं जाईन. समजलं. 'सोनबाई' हातातून गेली तं टेलिव्हिजनवाले दुसऱ्याकडे जातीन अन् तुले पुन्हा कारखान्यात हात सोलून घ्या लागतीन. हेही समजलं. मी काही दगड नाई. पण तू शेवटी लिहिलं ना, "बाई, पहिल्या मंडईची फार आठवण येते," ते वाचून मी चुलीपुढं बसूनच राह्यली. भात लागला. बुडी सासू ओरडली.

तुले अर्धीच आठवण येत असन. तू मशीनपाशी होता. मांगची बाजू माह्यापासून ऐक.

तळोधीची मंडई. धान कापलेल्या बांधीत तू मधोमध बांबू रोवले अन् कापड बांधलं. तुले सांगाले कोणी नव्हतं अन् आम्हालेही काय माहीत? दंडारीत लोक चारी बाजूनं बसतेत, तसेच बसले. अर्धं गाव इकडे, अर्धं तिकडे. चित्र सुरू झालं अन् तिकडच्या बाजूनं कल्ला. "अरे, बाईची नथ उजव्या नाकात! हे कोणत्या मुलखातलं ध्यान आणलं?" एक म्हातारा उठला अन् म्हणते, आता कापड फिरवा, अर्धा वेळ त्यायनं सरळ पाह्यलं, अर्धा वेळ आम्ही पाहू. इकडचे म्हणतेत, आम्ही आधी येऊन बसलो. मारामारीच व्हायची. शेवटी तू हात जोडले, साऱ्यायले एका बाजूले आणलं, अन् मांगची मोकळी जागा बांबूच्या तट्ट्यायनं झाकून टाकली. चित्राले आवाज नव्हता, म्हणून तिथी मांगून बोलणारे बसले.

अन् बोलणारा मुख्य माणूसच नाई! इसरू पहिल्या रांगेत मांडी घालून बसला. तू ओढते, तो हालत नाई. "गुणवंता, जनम गेला लोकायले रडवण्यात. मी कसा रडवतो ते माह्या डोळ्यानं कवा पाह्यलं नाई. हातभर आरशात मावलो तेवढाच पाह्यलो. आज नाई उठत मी." मले त्याचा राग नाई आला तवा, अन् आजही नाई येत.

कापडावर सोनबाई तोंड हालवते अन् आवाज नाई. लोक म्हणतेत, मुकी आहे का गा? अन् तू धावत माह्यापाशी आला. मी तं तुमच्या भाकरी घेऊन आली होती. पण तुमची सारी तालीम माह्याच आंगणात झालेली. धान पाखडता पाखडता मले शब्द न् शब्द पाठ. तू माह्या हातची शिदोरी घेतली अन् मले तट्ट्याच्या आत ढकललं. आत ढोलकीवर माहा नवराच बसला होता. मी त्यायच्याकडे पाह्यलं, ते माह्याकडे. मंग ते म्हणाले, "बोल. मी काही पाह्यलं नाई."

शेतकऱ्याच्या घरची सून चार लोकांत दंडारीत बोलली असं समजलं असतं तं काय झालं असतं, तुले माहीत आहे. माही बुडी पाणी भराले सुद्धा मले एकटीले पाठवत नव्हती. पण तट्ट्याच्या आत अंधार होता. अंधारात मी कोणाची सून नव्हती. मी बोलली, अन् पलीकडे सारी बांधी चिप्प झाली. ते चिप्प होणं अजून माह्या आंगावर आहे रे.

लोक समजले, इसरूचाच आवाज मशीनमंदी भरला. इसरूनं तसंच समजू दिलं. पुढं हंगामभर गावोगाव मी 'भावाकडे चालली' म्हणून निघत होती, अन् ते काही खोटं नव्हतं. आमची बुडी पहिल्या रांगेत बसून रडून आली. घरी येऊन मलेच सांगते, "सोनबाई काय बोलली म्हणून सांगू वं मनकर्णा!" अन् माहेच शब्द मले म्हणून दाखवले, एकही न चुकता. मी मान खाली घालून भाकरी थापत होती. शेवटी म्हणते, "अशी सून ज्या घरी असन ते घर नशीबवान." मले भाकरी उलटवणं सुचेना.

एक गोष्ट तुह्या ध्यानात नसन आली. मी ते चित्र कवा समोरून पाह्यलंच नाई. माह्यासाठी सोनबाईची नथ उजव्याच नाकात आहे अन् दिवस उलट्या आंगानं निघते. तिकडे टेलिव्हिजनवर सारा कॅनडा पाहीन, इथी ज्याचा चेहरा त्यानं पाहाचा नाई अन् जिचा आवाज तिनं पाहाचा नाई. हे बरं आहे का?

इसरूले घेऊन तुहे भाऊजी नागपूरले गेले होते. डॉक्टर म्हणाला, काचबिंदू. गेलेली नजर येत नाई, आहे ती किती दिवस राहीन हे सांगता येत नाई.

तुही बाई


नागभीड
१९ जून १९५७

गुणवंता,

फोटो भेटला. पट्टीतलं एक चित्र मोठं करून पाठवलं, इसरूले दाखव म्हणून. दाखवलं. खिडकीत नेलं, नाकाले लावलं, उन्हात नेलं. म्हणते, "चांगला आहे. कोणाचा आहे?"

फोटो हालत नाई रे. इसरू जवा हात उचलते तवा तो इसरू असते. उचललेला हात घेऊन तो काय करीन?

तुले लिहावं वाटते ते सारं लिहिलं तं पोस्टात पाकीट पेटन. म्हणून इथीच थांबते.

मनकर्णा


नागभीड
८ जानेवारी १९५८

चि. गुणवंता,

मंडई आली अन् गेली. तळोधीले यंदा तुह्या जागी नागपूरचं कोणतं तरी नाटक होतं. मी गेली नाई. बुडी गेली होती, अर्ध्यातून परत आली. "त्यात काही दम नाई," म्हणते.

मागच्या पत्रात मी कडक बोलली. तू सहा महिने गप्प राह्यला तवा वाटलं, पुन्हा साडेतीन वर्षं जातीन. परवा पत्र आलं तं दारातच उभ्या उभ्या वाचलं. तू नकल काढाचं ठरवलं, त्याच्या पैशासाठी हा हिवाळाभर गावोगाव लाकडाचं चित्र घेऊन फिरून राह्यला, खाणीच्या गावात, चर्चमंदी, शाळेत. कुठी बारा लोक येतेत म्हणे, कुठी एक पाद्री अन् त्याचं कुत्रं. ते वाचून हासली, अन् मंग रडली. सांगतेच सरळ. लहानपणी तू तापातही पोहाले जायचा बोडीत, तसाच आहे अजून. गरम काही घालत जा. मी हातानं विणलं असतं, पण इथी लोकर कुठी भेटते?

टेलिव्हिजनवाल्यायले तू 'थांबा' म्हणलं. त्यायनं नाई थांबलं तं? हा प्रश्न मी विचाराले नाई पाहिजे, मीच तुले घोड्यावर बसवलं.

इसरूले आता फक्त उजेड अन् अंधार समजते. मी तुह्यं पत्र वाचून दाखवलं तं म्हणते, "पोट्ट्याले तरास देऊ नको वं. मी पाह्यलं होतं नं तवा. हंगामभर पाह्यलं, अजून किती पाहू?" अन् मंग लगेच मलेच म्हणते, "चाल, सोनबाई सांग." मी चित्र सांगत गेली, घर, आंगण, धानाचा रोवणा, भावाचं भांडण. मी म्हणलं, सोनबाई डाव्या हाताले वळते. "उजव्या," तो म्हणते. मी म्हणलं, उजव्या नाकातली नथ... "डाव्या वं! तू उलटी पाह्यली." सारं चित्र त्यानं मले सरळ करून दिलं. दिसत नाई त्याले, अन् दाखवून राह्यला मले.

शेवटाले आलो. आगगाडीत बसून भाऊ शहरात चालला, सोनबाई बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर उभी, अन् ओठ हालतेत. प्रत्येक गावात मी तिथी वेगळंच काही बोलत होती. जे त्या दिवशी तोंडात येईन ते. मी इसरूले विचारलं, चित्र घेताना तू खरं काय बोलला होता? एवढी वर्षं विचारायचं राहूनच गेलं.

तो हासाले लागला. थांबेचना. "मी म्हणलं होतं, गुणवंता, पायाले जळू लागली रे, लवकर आटप!"

आठवते का तुले? तू कॅमेऱ्याच्या मांगून ओरडत होता, "वा इसरू, डोळ्यात काय पाणी आणलं!" अन् बांधीतल्या गुडघाभर पाण्यातून धुऱ्यावर चढलेल्या इसरूची पिंडरी रगतानं भरलेली. त्याच जळूवर अर्धी झाडीपट्टी रडली. आम्ही दोघं इतके हासलो का बुडी पाहाले आली, काय झालं म्हणून.

तो गेल्यावर मात्र घर खायाले उठलं. ते दिवस किती चांगले होते रे. तुह्याजवळ डग्लस साहेब ठेवून गेलेला एक जुना कॅमेरा, माह्याजवळ एक आंगण, इसरूजवळ एक लुगडं. बस, त्यात चित्र झालं.

लवकर कर. उशीर होऊन राह्यला.

तुही बाई


नागभीड
२१ नोव्हेंबर १९५८

चि. गुणवंता,

डबे भेटले. तार केली होती, पण तारेत काय मावते?

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी हमाल स्टेशनावरून डोक्यावर घेऊन आला. वरचे शिक्के पाहाले सारी आळी जमा. दुसऱ्या दिवशी पाटावर तुह्या जागी डबे ठेवले अन् ओवाळले. तुहे भाऊजी हासले. बुडी नाई हासली. म्हणाली, "कुंकू झाकणाले लाव, आत जाऊ देऊ नको."

तू नकल तिथी ठेवली अन् असल इथी पाठवली. 'ओरखडे आपल्या गावचे आहेत, ते आपल्या गावातच राहावे,' असं लिहिलं. गुणवंता, एवढ्या वर्षांचा राग त्या एका ओळीत गेला. अन् टेलिव्हिजनवाले रागावून गेले अन् पुन्हा आले, हे वाचून देवापुढं साखर ठेवली.

पण उशीर झाला. हे लिहिल्याशिवाय राहवत नाई. पोळ्यापासून इसरूले उजेडही समजत नाई. डबे आले त्या दिवशी मी डब्यायपाशी बसून रडली, तुह्यावर, डॉक्टरवर, समुद्रावर. मंग एक डबा घेऊन इसरूच्या घरी गेली अन् त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं झाकण उघडलं, वास घेतला. "हीच," म्हणाला. बोटानं पट्टी चाचपली अन् आरमोरीले जळली होती तिथला जोड बरोबर शोधला. मी म्हणलं, इसरू, मले माफ कर, वेळेवर नाई आणता आलं. तो म्हणते, "काऊन रडतं? यंदा मी मांगं बसतो. समोर बसून आता काय करू? तू समोर बस. एकदा तरी नथ डाव्या नाकात पाहून घे."

प्रचाराची गाडी घेऊन गावोगाव सरकारी चित्रं दाखवणारा एक ऑपरेटर आहे चांद्याचा. तुहे भाऊजी त्याच्या पाया पडले, तो आला. तळोधीचीच मंडई, तीच बांधी. कापड यंदा धुऱ्याच्या कडेले बांधलं, मांगं तट्टे, आत इसरू अन् ढोलकी. तुह्या भाऊजीनं ठरवलं होतं, सोनबाई बोलाची वेळ आली की एक थाप मारायची, म्हणजे इसरूले समजन.

मी बायकांत बसली, बुडीच्या बाजूले. आयुष्यात पहिल्यांदा समोरून.

काय सांगू तुले! मांगं बसून, कापडाले नाक लावून, मले नुसते उजेडाचे ठिपके दिसत होते. मले वाटायचं तेच चित्र. समोरून तं सारं गाव उठून उभं राह्यलं. माह्या आंगणातली तुळस. धान पाखडताना उडणारा भुसा. अन् इसरू! बाप्पा, काय दिसत होता तो. नथ डाव्या नाकात. अन् भावाशी भांडून झाल्यावर सोनबाई वळून जे बोलते ना, तिथी तिचे डोळे भरलेले आहेत. मले माहीतच नव्हतं! त्या ठिकाणी मी गावोगाव हासून बोलत होती. कोणी सांगतलं नाई मले. तू तरी सांगाचं.

इसरू चांगला बोलत होता. माहेच शब्द घेऊन बोलत होता, ब्रह्मपुरीचे अन् आरमोरीचे मिसळून. पण आवाज थकला त्याचा. मधूनच बुडी चुळबूळ करे अन् पुटपुटे, "सोनबाईचा आवाज बसला."

शेवट आला. गाडी निघाली. सोनबाई धुऱ्यावर उभी, ओठ हालले. मांगून ढोलकीची थाप पडली. इसरू बोलला नाई. पुन्हा थाप. नाई. नुसता प्रचाराच्या गाडीच्या इंजिनाचा आवाज. कोणी तरी शिटी मारली. मले वाटलं, पडला का काय तो आत? तुले माहीत आहे तो भाग किती लांब आहे, आपली लहान गाडी निघता निघत नाई.

बुडीनं कापडावरची नजर हालवली नाई. कोपर मारलं मले. "अवं, बोल नं! ती थांबली आहे तुह्यासाठी."

गुणवंता, मी बोलली. तिथूनच, बायकायच्या मधातून, साऱ्या गावासमोर. काय बोलावं हे ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "जा बाप्पा. मी काही वाट पाहत बसत नाई. पण दाराले कडी लावत नाई, एवढं ध्यानात ठेवजो."

साऱ्या मुंड्या मांगं वळल्या. तसंच चिप्प झालं सारं, त्या पहिल्या मंडईसारखं, पण यंदा अंधारात लपाले तट्टे नव्हते. अन् बुडी उभी राह्यली. माह्या सासूचा आवाज तुले माहीत आहे. म्हणाली, "माही सून आहे! पाहा समोर, गाडी चालली!"

लोकायनं समोर पाह्यलं. गाडी गेली. मीही पाह्यली, जाईपर्यंत.

मंग मी तट्ट्याच्या आत धावली. इसरू मजेत बसला होता. मी म्हणलं, काऊन गप्प राह्यला, माह्या जिवाचं पाणी झालं! तो म्हणते, "ते वाक्य माह्यं नव्हतंच वं. माह्यं जळूचं होतं."

परत येताना बंडीत मी बुडीले विचारलं, तुम्हाले कवापासून माहीत होतं? "पहिल्या मंडईपासून. रोज चुलीपाशी जो आवाज ऐकते तो मले समजणार नाई?" मी म्हणलं, मंग इतकी वर्षं बोलल्या काऊन नाई? "बोलली असती तं तुले बंद करा लागलं असतं," म्हणाली. अन् पदर तोंडावर घेऊन झोपली, का झोपल्यासारखं केलं, देव जाणे.

गावात दोन-चार तोंडं वाकडी झाली. होऊ दे. बुडी पाणवठ्यावर आता माह्यासोबत जाते अन् स्वतःच विषय काढते.

आता तुह्यं काम. सोबतच्या कागदावर सारं लिहिलं आहे, सोनबाई कुठी काय बोलते ते. तुह्या तिकडच्या बाईले दोन गोष्टी सांगजो. भांडणाच्या जागी हासून बोलू नको, डोळे भरले आहेत. अन् शेवटचं वाक्य हळू बोल, ओरडू नको, गाडीतल्याले ऐकू नाई गेलं तरी चालते.

चित्राच्या आरंभी कोणाची नावं टाकू म्हणून विचारलं तू. इसरूचं मोठ्या अक्षरात टाक. आवाजापाशी, बुडी म्हणते, माह्या नावानं 'गुणाबाईची सून' टाका. तू मनकर्णा टाक. अन् बुडीले वेगळं पत्र लिहून कळव का तुम्ही म्हणल्या तसंच टाकलं.

डबे पुन्हा ढोलीत ठेवले. ढोलीले कुलूप नाई. पण यंदा न सांगता नेऊ नको. येजो, हातपाय धुजो, दोन घास जेवजो. मंग ने.

तुही बाई,
मनकर्णा